वूफर तोच, ॲम्प तोच, खोकं नवं

दहा इंची वूफर तोच, ॲम्प्लिफायर तोच, जागासुद्धा तीच. बदललं ते फक्त खोकं. तेवढ्यानं आमच्या सबवूफरची (फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरची, म्हणजे सबची) फुसफुस, टरटर आणि बारीक शिट्टी गेली, आणि तानपुऱ्याचा खर्ज घरात पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला. हे काम मी आणि आमच्याकडे पूर्वीपासून फर्निचर करणारे सुतार नाना, अशा दोघांनी मिळून केलं. ते सविस्तर लिहितेय, कारण सब टरटरायला लागला की "वूफर गेला" असं म्हणून लोक वूफर बदलतात, आणि नवा वूफरही त्याच खोक्यात तसाच टरटरतो.

आधीचा सब तयार संचातला होता. सिनेमा बघताना फारशी तक्रार नव्हती. धडाम आवाज अर्ध्या सेकंदात संपतो, त्यात खोक्याची टरटर लपून जाते. माझं ऐकणं मात्र बहुतेक शास्त्रीय संगीताचं. पुरुष गायकाचा तानपुरा काळी एकमध्ये लावलेला असेल तर जोडीच्या तारा १३९ हर्ट्झच्या आसपास असतात आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं मी सबकडे दिलेलं, त्यामुळे खर्जाचा मूळ सूर थेट त्याच्या वाट्याला येतो. आणि तानपुरा तासभर त्याच सुरावर चालतो. जवारीची झणझण हवीहवीशी असते. तिच्या खाली, तिच्याशी काही संबंध नसलेली एक कोरडी टरटर सतत चालू असली की बडा ख्याल ऐकवत नाही. पखवाजाच्या थापेनंतर तर एक छोटीशी "टर्र" हमखास यायची, थाप संपल्यावर.

पहिलं काम म्हणजे आवाज नेमका कुठून येतो ते शोधणं. मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप घेतलं आणि २० हर्ट्झपासून १२० पर्यंत सूर अगदी सावकाश चढवत नेला. आवाज बेताचाच ठेवायचा, कारण सलग सूर वूफरला गाण्यापेक्षा जास्त तापवतो. पहिल्याच फेरीत लक्षात आलं की खोलीच जास्त बोलतेय. शोकेसची काच, मांडणीवरचे डबे, सेफ्टी डोअरची कडी, ट्यूबलाइटची पट्टी, प्रत्येकाचा आपापला सूर ठरलेला. म्हणून सब गच्चीवर नेला, सतरंजीवर ठेवला आणि तिथे पुन्हा ऐकला. घरी ज्याला शंका असेल त्यानं ही पायरी गाळू नये. जो आवाज गच्चीवर उरतो तोच सबचा.

गच्चीवर चार निरनिराळे आवाज उरले. चाळिशीच्या आसपास फुसफुस, जणू कुणी बाटलीच्या तोंडावर फुंकर घालतंय. पन्नासच्या पुढे मागच्या बाजूनं बारीक शिट्टी. साठ ते सत्तरमध्ये टरटर, आणि डाव्या फळीवर तळहात दाबला की ती बंद. चौथा आवाज सूर बंद केल्यावरही राहणारा, एक मंद गुणगुण. पाण्याच्या नळीचा हातभर तुकडा घेऊन एक टोक कानाजवळ धरलं आणि दुसरं खोक्यावरून फिरवलं. डॉक्टर छाती तपासतात तसा या नळीनं आवाजाचा ठिकाणा सापडतो. शिट्टी ॲम्पच्या पाटीवरच्या सॉकेटांमधून येत होती. टरटर दोन ठिकाणी होती, फळीच्या मध्यावर आणि वूफरच्या खालच्या स्क्रूजवळ.

मग खोकं उघडलं. भिंती १२ मिमी पार्टिकल बोर्डच्या, वर लाकडासारखा दिसणारा कागद. कोपऱ्यांत धड सांधा असा नाहीच. एकच लांब फळी खाचा पाडून दुमडलेली आणि आतून गरम गोंदाचे ठिपके टाकलेले. आत एकही आडवं लाकूड नाही. वूफरचे स्क्रू थेट भुशाच्या बोर्डात पिळलेले. खालचे दोन हातानं फिरवले तर नुसते गरगर फिरले, कारण भोकांची भुकटी झालेली. वूफरकडे जाणारी वायर मोकळी लोंबत होती आणि डाव्या फळीला टेकत होती. ॲम्पची पत्र्याची पाटी मागच्या फळीवर बसवलेली, मध्ये गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) नाही. म्हणजे आतला सगळा दाब त्या पाटीच्या फटीतून, बटणांमधून आणि सॉकेटांमधून बाहेर पडायचा. तीच शिट्टी.

फुसफुस पोर्टची, म्हणजे खोक्यातली हवा आत-बाहेर जायला ठेवलेल्या नळीची. आतली नळी ५ सेंमी व्यासाची, जेमतेम ९ सेंमी लांब, एका टोकाला गोंदानं चिकटवलेली. दहा इंची वूफरच्या शंकूचं क्षेत्रफळ सुमारे ३३० चौरस सेंमी असतं आणि या नळीच्या तोंडाचं २० च्या आत. म्हणजे सतराव्या हिश्श्याच्या भोकातून ती सगळी हवा आत-बाहेर करणार. पोर्टमधल्या हवेचा वेग सेकंदाला साधारण १७ मीटरच्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ५ टक्क्यांच्या वर गेला की ती गुळगुळीत वाहत नाही, कडेवर भोवरे होतात आणि फुसफुस ऐकू येते. हा ढोबळ नियम आहे, पण उपयोगाचा आहे. नळीच्या दोन्ही कडा करवतीनं कापल्या तशाच धारदार होत्या, त्यामुळे भोवरे आणखी लवकर.

गुणगुणीचं कारण वेगळं. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झला थरथरतो. तो ट्रान्सफॉर्मर पाटीला घट्ट आणि पाटी पातळ फळीला घट्ट, त्यामुळे मागची अख्खी फळीच ती थरथर मोठी करून ऐकवत होती. (केबल टीव्हीच्या वायरमधून येणारी हम्म वेगळी. ती वायर काढून बघितली की लगेच कळते. आमच्याकडे ती नव्हती.)

एवढं बघितल्यावर डागडुजी करण्यात अर्थ नव्हता. वूफर मात्र हातात घेऊन बघितला तर चांगला निघाला. शंकू हळूच दाबला तर कुठे घासत नव्हता, रबरी कडा शाबूत. वूफरचे आकडे मिळाले: स्वतःचा कंप २८ हर्ट्झ, क्यूटीएस (शंकूची हालचाल किती आटोक्यात राहते त्याचा आकडा) ०.४२, व्हीएएस (वूफरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी लवचीक ठरेल एवढी हवा) ७० लिटर. हे आकडे म्हणजे थीएल-स्मॉल पॅरामीटर, यांवरूनच खोक्याचं माप काढतात. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थीएल यांचा लेख १९६१ मध्ये आला, पण जगभरच्या ध्वनी अभियंत्यांपर्यंत तो १९७१ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापल्यावर पोहोचला. सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ते काम पुढे नेलं. त्याआधी खोक्याचं माप बरंचसं अंदाजानं ठरायचं. आज मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर ठरतं.

पोर्ट ठेवायचा की खोकं पूर्ण बंद करायचं, यावर मी बराच विचार केला. पोर्टचं चांगलं खोकं करायचं तर ६० लिटर लागणार होतं, २८ हर्ट्झला लावलेलं. फुसफुस टाळायला नळी किमान १० सेंमी व्यासाची हवी, आणि हिशेब केला तर ती ४३ सेंमी लांब येते. म्हणजे आत वळवावी लागणार, आणि एवढी लांब नळी स्वतःही ४०० हर्ट्झच्या आसपास बोलते. शिवाय पोर्टचा आवाज लावलेल्या सुराच्या खाली फार झपाट्यानं पडतो, सप्तकाला २४ डेसिबल. बंद खोक्याचा १२ नं, सावकाश. डग्ग्याची घसीट आणि पखवाजाची थाप ज्या आटोपशीरपणे थांबायला हवी, ती बंद खोक्यात मला जास्त पटते. बंद खोक्यातल्या हवेलाच वूफरची स्प्रिंग म्हणून वापरायची कल्पना एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली, आणि माझ्या मते घरगुती खोलीसाठी तिला अजून तोड नाही. घरच्या खोलीत खालच्या सुरांना भिंतींचा आधार मिळतोच.

०.७ च्या क्यूसाठी (खोक्यात बसवल्यावरचा वूफरचा तोच आटोक्याचा आकडा) हिशेब ३८ लिटरचा आला. त्यात वूफरनं व्यापलेली जागा आणि आतली लाकडं मिळवून आतलं माप ३६ बाय ३६ बाय ३३ सेंमी, म्हणजे ४३ लिटरच्या जरा आत ठरवलं. चौकोनी ठोकळा नको, मापं विशिष्ट प्रमाणातच हवीत, असा सल्ला बरेच जण देतात. तो मोठ्या स्पीकरला लागू आहे, सबला नाही. ३६ सेंमीच्या पोटात उभी राहणारी पहिली लाट ४७६ हर्ट्झची असते, आणि सबचं काम ८० च्या आसपासच संपतं.

बंद खोक्यात एक गोष्ट मात्र कडक होते, ती म्हणजे दाब. हा वूफर ८ मिमी पुढे-मागे झाला तर साधारण पाव लिटर हवा दाबतो. ३८ लिटरमध्ये तेवढ्यानं वातावरणाच्या दाबाच्या एक टक्क्याच्या आसपास चढउतार होतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ३५ सेंमीच्या चौरस फळीवर हा जोर १२ किलोच्या आसपास भरतो. बारा किलो आतून ढकलणार आणि लगेच तेवढ्याच जोरानं ओढणार, सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा. जुन्या खोक्यातली १२ मिमीची बिनआधाराची फळी टरटरली यात नवल नाही. फळी हलली की तीही स्पीकर होते, फक्त वाईट आणि उशिरा बोलणारा. थाप संपल्यावरची ती "टर्र" हीच.

लाकूड घ्यायला मी आणि नाना पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो. माझ्या डोक्यात एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचं दाबलेलं बोर्ड) होतं, कारण बहुतेक तयार स्पीकर त्याचेच असतात. ते सगळीकडून सारखं असतं, आत पोकळी नाही, वजन चांगलं. नानांना ते पसंत नव्हतं.

"ताई, पावसाळ्यात याच्या कडा फुगणार. आणि स्क्रू एकदा काढून पुन्हा लावला की पकड गेली. प्लाय घ्या, पण मी वाजवून देतो."

वाजवून म्हणजे खरंच वाजवून. नानांनी १९ मिमीची मरीन प्लायची शीट दुकानदाराला उभी धरायला लावली आणि खिशातल्या मेजरिंग टेपच्या डबीनं वरून खाली एकेक वीत अंतरावर ठोकत गेले. ठक, ठक, ठक, आणि मध्येच एका जागी ढब. तिथे खडूनं फुली. "इथं आतला तुकडा कमी पडलाय, गॅप आहे." प्लायच्या आतल्या थरांमध्ये तुकडे जोडलेले असतात, ते एकमेकांना भिडले नाहीत तर पोकळी राहते. कपाटाच्या पाठीला ती चालून जाते. सबच्या भिंतीत तीच पोकळी जिभेसारखी थरथरते. मरीन प्लायच्या आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का पाण्याला टिकण्याची हमी देतो, पोकळी नसल्याची नाही. त्या शीटवर फुल्या बऱ्याच झाल्या. दुकानदार कुरकुरला, पण नानांशी त्याचं जुनं गिऱ्हाईकपण होतं, दुसरी शीट काढली. तिच्यात कडेला एकच ढब निघाला, तो भाग आम्ही कापणीतून वगळला.

प्लाय घेण्यामागे माझं स्वतःचंही एक कारण झालं. त्याच जाडीची प्लाय एमडीएफपेक्षा ताठ असते आणि वजनाला हलकी. सबच्या बाबतीत ताठपणाला महत्त्व, कारण फळीचा स्वतःचा कंप सबच्या कामाच्या पट्ट्याच्या वर ढकलायचा असतो. वर गेला की त्याला जागं करायला तिथे सूरच नाही. बीबीसीच्या एलएस३/५ए या प्रसिद्ध छोट्या स्पीकरमध्ये उलट विचार आहे, पातळ प्लाय आणि आतून जड पॅड. तो मानवी आवाजाच्या पट्ट्यासाठीचा विचार आहे, सबला तो उपयोगी नाही. पुढच्या फळीला मात्र आम्ही दोन थर केले, आत प्लाय आणि बाहेर एमडीएफ, एकूण ३७ मिमी. वूफरची कडा बसवायला जी गोल खाच राउटरनं मारायची, ती एमडीएफमध्ये लोण्यासारखी स्वच्छ येते. एमडीएफ कापताना तोंडाला मास्क हवाच, तो भुसा फार बारीक आणि चिकट गोंदाचा असतो.

कापणी दुकानाच्याच पॅनेल सॉवर करून घेतली. सब वाजण्यात याचा थेट संबंध आहे. फळ्या गुण्यात (काटकोनात) असल्या, कडा सरळ असल्या, की सांध्यात गोंदाचा थर पातळ आणि सलग बसतो. फेविकॉल पातळ थरातच ताकद धरतो, फट भरायला तो नाही. नानांनी कडांना खाच मारून फळ्या एकमेकींत बसवल्या, गोंद लावला, शिकंजे आवळले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू दिला नाही. आवळल्यावर सांध्यातून गोंदाची बारीक रेघ सगळीकडे सारखी बाहेर आली पाहिजे. जिथे ती तुटते तिथे नंतर हवा जाते.

या कामात सगळ्यात जास्त वेळ घेतला तो आतल्या आधारानं. त्याच प्लायची एक चौकट कापली, तिच्यात चार खिडक्या पाडल्या, म्हणजे हवा मोकळी फिरते पण चारही भिंती एकमेकींना बांधल्या जातात. ही चौकट बरोबर मधोमध न बसवता जरा एका बाजूला सरकवून बसवली, कारण मधोमध बसवली तर दोन्हीकडे सारखेच तुकडे उरतात आणि दोन्ही एकाच सुरावर कंप पावतात. चौकटीपासून मागच्या भिंतीपर्यंत आणखी एक जाड पट्टी. गणित असं आहे: जाडी दुप्पट केली की फळीचा वाकायला विरोध आठपट होतो, पण वजन आणि खर्चही दुप्पट. उलट फळीचा मोकळा पल्ला दोन्ही बाजूंनी निम्मा केला की तिचा कंप चौपट वर जातो, आणि लागतं काय, तर उरलेल्या प्लायचा तुकडा. कुणी ३६ मिमीच्या भिंती करतो म्हणाला तर मी म्हणेन, १९ च कर आणि आत नीट बांध.

नानांना हे सगळं गणित सांगायची गरज पडली नाही. चौकट गोंदाशिवाय नुसती बसवून बघितली तेव्हा त्यांनी बाजूच्या फळीवर बोटाचं पेर मारलं. मग चौकट काढली आणि पुन्हा मारलं. चौकटीविना लांबलेला "ढम्म", चौकटीसह छोटा, वरचा "टक". नानांनी ती दोन-तीनदा काढली-घातली, स्वतःच्या समाधानासाठी, आणि मग गोंदाचा डबा उघडला.

ॲम्पला वेगळा कप्पा केला. मागे ९ सेंमी खोलीचा, वूफरच्या कप्प्यापासून पूर्ण बंद. वायरीसाठी भोक पाडायचं टाळलं. मधल्या फळीतून दोन पितळी बोल्ट आरपार घेतले, दोन्हीकडून वॉशर आणि नट, आणि वायरी त्यांना जोडल्या. सॉकेट आणि बटणांमधून शिट्टी यायची ती यामुळे मुळातूनच संपली, कारण तिथे आता दाबच पोहोचत नाही. दुसरा फायदा म्हणजे या कप्प्याला खाली-वर हवेची भोकं ठेवता आली, ॲम्प आता कमी तापतो. पाटी आणि फळीच्या मध्ये रबरी वॉशर घातले, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण एक फुटावरूनही ऐकू येईनाशी झाली. तयार सबमध्ये हा वेगळा कप्पा अनेकदा गाळतात, कारण त्यात आणखी एक फळी लागते. घेणाऱ्यानं मागची पाटी उघडून दाखवायला सांगावी, त्यात संकोच कसला?

आतल्या सांध्यांवरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची बोटभर रेघ फिरवली. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन इथे वापरू नये, सुकताना त्यातून आम्ल सुटतं आणि ते बंद खोक्यात तांब्याच्या तारांना आणि वूफरच्या कडेला बाधतं. पीयूलाही पूर्ण सुकू दिल्याशिवाय वूफर बसवला नाही. भोकाच्या आतल्या बाजूची कड राउटरनं तिरपी केली, नाहीतर ३७ मिमीच्या जाड भोकातून वूफरच्या मागची हवा मोकळी होत नाही. उशीत भरतात तो पॉलिस्टर कापूस आत सैलसर भरला आणि मच्छरदाणीच्या कापडाच्या तुकड्यानं अडवला, म्हणजे तो वूफरच्या मागच्या भोकात ओढला जाणार नाही.

वूफर स्क्रूनं नाही, टी-नट आणि बोल्टनं बसवला. टी-नट मागून लाकडात रुततो, बोल्ट कितीदाही काढा-घाला. कडेखाली फोमची गॅस्केट पट्टी. बोल्ट समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळत गेले, एकच एक पूर्ण आवळला की पट्टी एका बाजूला चेपते आणि दुसरीकडे फट राहते.

मग उदबत्ती. २० हर्ट्झचा सूर, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि उदबत्तीचा धूर प्रत्येक सांध्याजवळून सावकाश फिरवायचा. हवा कुठून निसटत असेल तर धुराची सरळ रेघ तिथे दचकल्यासारखी तुटते. सगळे सांधे पक्के निघाले. वूफरच्या एका बोल्टच्या डोक्याजवळ मात्र धूर थरथरला. टी-नट आरपार असल्यानं हवा आट्यांमधून येते, हे सगळ्याच टी-नटांना लागू आहे. सगळे बोल्ट काढून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली, नळ बसवताना गुंडाळतात तशीच, आणि डोक्याखाली रबरी वॉशर घातले. पुन्हा उदबत्ती फिरवली, धूर सरळ वर गेला. दुसरी चाचणी हाताची. शंकू दोन्ही तळव्यांनी समतोल, हळूच आत दाबायचा आणि सोडायचा. खोकं बंद असेल तर तो सावकाश परत येतो. जुन्या खोक्यात तो लगेच टणकन परत यायचा.

नवं खोकं वूफर-ॲम्पसकट २४ किलो भरलं, जुनं ११ होतं. या वजनाचाही आवाजाशी संबंध आहे. शंकू पुढे जातो तेव्हा खोकं मागे ढकललं जातं. हलणारा भाग १२० ग्रॅम आणि खोकं २४ किलो, म्हणजे दोनशेपट. शंकू ८ मिमी गेला तर खोकं ०.०४ मिमी सरकतं. जुनं याच्या दुप्पट सरकायचं, आणि तेही कडक प्लास्टिकच्या पायांवर, म्हणजे सगळी थरथर सरळ स्लॅबमध्ये. आता खाली जाड, मऊ रबराचे पाय आहेत.

पुन्हा तोच सूर, २० ते १२०, गच्चीवर. ना फुसफुस, ना शिट्टी. फळीवर हात ठेवला तर थरथर जाणवते, पण टरटर कुठेच नाही. मग घरात आणून काळी एकचा तानपुरा लावला. खर्ज आता खोलीतल्या कुठल्याही कोपऱ्यातून येत नाही, तो मुख्य स्पीकरांच्या मधूनच येतो. कारण आधी सबची जागा कानाला कळायची ती सुरामुळे नाही, त्या वरच्या टरटरीमुळे. ६९ हर्ट्झची लाट पाच मीटर लांब असते, तिची दिशा कान फारशी ओळखत नाही, टरटरीची मात्र लगेच ओळखतो. हे मला या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात मोठं फळ वाटतं. पखवाजाची थाप येते आणि संपते. डग्ग्यावर मनगट सरकलं की सूर वर चढताना कुठे फुगत नाही, कुठे बसत नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी मुद्दाम विचारलं. त्यांच्या हॉलमधल्या पंख्याची वाटी माझ्या सबबरोबर टरटरायची, हे त्यांनी पूर्वी सांगितलं होतं. त्यांच्याकडे बसून मी मुलाला वर पखवाज लावायला सांगितला.

"अगं, येतोय आवाज, पण आता तो वरून येतोय. आधी माझ्या छतातून यायचा," काकू म्हणाल्या.

खालचे सूर भिंतीतून जातातच, ते कुठलंही खोकं थांबवत नाही. म्हणून रात्री दहानंतर सब बंद, हा नियम घरात आहे आणि राहणार. पण त्यांचा पंखा आता गप्प आहे.

घरात जे वाजत होतं त्याला वेगळा उपाय केला. शोकेसच्या काचेला फेल्टच्या पट्ट्या, सेफ्टी डोअरच्या कडीला रबराचा तुकडा. पुढची कापडी जाळी लोहचुंबकानं बसवली होती, ती ९० हर्ट्झच्या वर किंचित किणकिणायची, चुंबकांवर पातळ फेल्ट चिकटवल्यावर थांबली.

बाहेरून नानांनी लांबी (पुट्टी) भरून, घासून व्हिनियर लावलं, सागाचं. एमडीएफच्या उघड्या कडांना आधी पातळ केलेला फेविकॉल दोनदा पाजला, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. तरी लाकूड ऋतूबरोबर थोडं हलतंच. पावसाळा संपल्यावर वूफरचे बोल्ट पाव आटा सैल झालेले आढळले. ते समोरासमोरच्या क्रमानं आवळले, आणि उदबत्ती पुन्हा सगळ्या बोल्टांवरून फिरवली. दर वर्षी दसऱ्याच्या आधी हे करायचं ठरवलंय.